पेटी रोज रिकामी

आमच्या थोरल्याला एक खोड आहे. विचारलं तेवढंच सांगायचं, एक शब्द वर नाही. घराला कुलूप लावलंस का विचारलं की ‘हो’ म्हणेल. किल्ली आतच राहिली आहे हे ऐकायचं असेल तर त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो. शाळेत असताना एकदा तीन दिवस अंगात ताप घेऊन हिंडला. मी रोज विचारत होते ‘जेवलास का’, आणि जेवला होता, मग ताप कशाला सांगायचा? आता पन्नाशी जवळ आली, डोक्यावरचे केस विरळ झाले, खोड मात्र पहिल्यासारखी दाट आहे. ती त्याच्या वडिलांकडून आलेली नाही. माझ्याकडून तर नाहीच नाही. मला काही विचारायची कोणाला गरज पडत नाही, हे गल्लीला माहीत आहे.

या खोडीपायी माझ्या धाकट्या सुनेच्या तोंडचा घास जवळजवळ गेला होता. ती हकिकत सांगते. पत्रं खिशातल्या फोनवर यायला लागली त्याच्या आधीची आहे, म्हणून थोडं समजावून सांगावं लागेल.

आमचा धंदा कोच-खुर्च्या भरण्याचा. तुम्ही वर बसता, त्याच्या आतलं सगळं आमचं. पट्टे, स्प्रिंगा, फोम आणि वरचं कापड. खाली कारखाना, वर घर. धाकटा लाकडाचे सांगाडे करतो आणि बोलत नाही. धाकटी कापड बेतते, शिवते आणि त्याच्या वाटचंही बोलते. थोरला गिऱ्हाइकांकडे जाऊन मापं घेतो आणि पत्रव्यवहार बघतो. त्याची बायको, आमची थोरली, दवाखान्यात कागदपत्रांच्या खिडकीवर बसते. आणि मी सगळ्यांच्या डोक्यावर बसते. शाळा चौथीपर्यंत केली. पुढे शाळेला माझी गरज उरली नाही. अक्षर वाचताना मी अडखळते, पण आकड्याला माझ्यापुढून हलता येत नाही.

घरात कॉम्प्युटर तीन. एक कारखान्यात, धाकटीच्या शिलाई मशीनशेजारी. कापडाचा बुरा आत जाऊ नये म्हणून तिने त्याला उरलेल्या रेक्झिनचा झगा शिवलाय, कडेला पाइपिंग लावून. दुसरा वर बैठकीच्या खोलीत, जुना. बटण दाबून मी सगळी भांडी घासून येते तेव्हा कुठे तो डोळे उघडतो. तिसरा थोरल्याचा लॅपटॉप, नवा कोरा. तो त्याच्या खोलीत टेबलावर असतो आणि त्याला कोणी बोट लावलेलं साहेबांना खपत नाही.

कॉम्प्युटर तीन, पण ईमेलचा पत्ता एकच. हे माझं. पहिल्यांदा कॉम्प्युटरवाला सगळं जोडायला आला तेव्हा त्याने विचारलं, “किती पत्ते करू, आजी? सगळ्यांचे वेगवेगळे करून देतो.”

“घराला दारं किती दिसतात तुला?” मी म्हटलं.

“एक.”

“मग?”

त्याने मुकाट्याने एक पत्ता केला. जाताना समजावून मात्र नीट गेला. मूळ पत्र लांब कुठेतरी तुमच्या नावाच्या पेटीत राहतं. तुमचे कॉम्प्युटर त्या पेटीत डोकावतात आणि आपापली नक्कल उतरवून घेतात. मूळ तिथेच राहिल्यामुळे कोणीही कुठेही बसलं तरी सगळ्यांना सगळं दिसतं. मला पटलं. मी तेव्हाच सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की पेटी नवी असली तरी नियम जुनेच.

नियम दोन. दाराला लाकडी पेटी होती तेव्हापासूनचे. पहिला, पेटीत काही पडून राहता कामा नये. एकदा एका गिऱ्हाइकाचं पत्र तळाच्या फटीत अडकून महिनाभर राहिलं, आणि तो गृहस्थ पुढे मरेपर्यंत आमच्या दारावरून तोंड फिरवून गेला. दुसरा, ज्याच्या नावाचं पत्र त्यानेच उघडायचं. माझ्या सासऱ्यांना सगळ्यांची पत्रं आधी फोडून मग चिकटवायची सवय होती. माझ्या माहेरचं एकही पत्र मला खळीचा वास नसलेलं मिळालं नाही. तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली होती की सत्ता माझ्या हाती आली की या घरात हे होणार नाही. सत्ता आली आणि झालं नाही.

आता धाकटीचं. मी तिला ‘सुई’ म्हणते. बारीक आहे, टोकदार आहे, आणि हातात धरली की काम उरकते. त्याच्या आदल्या वर्षी एक मोडकी खुर्ची आमच्याकडे आली होती, माझ्या सासूच्या वयाची. आत फोम नाही, स्प्रिंग नाही, नुसते घोड्याचे केस भरलेले. थोरला म्हणाला, काढून टाका, फोम घाला. सुईने ऐकलं नाही. केस धुतले, वाळवले, पिंजले, पुन्हा भरले आणि वाकड्या सुईने काठाची शिलाई हाताने घातली. अकरा दिवस लागले. मी त्या खुर्चीवर बसले आणि उठावंसं वाटेना. मी तसं बोलून दाखवलं नाही. सुनांना लगेच सांगू नये, मापं बिघडतात.

त्या खुर्चीच्या मालकानेच तिला सांगितलं की संग्रहालयाच्या कार्यशाळेत हे हातकाम शिकवतात. सहा महिने, आठ जणांना घेतात, आणि शिकून निघालेल्या माणसाकडे जुन्या वस्तू चालत येतात. सुईने रात्रभर विचार केला असेल तेवढाच. सकाळी माझ्यापुढे उभी.

“आई, मला अर्ज करायचाय.”

“कर की. पाय कोणी बांधलेत?”

थोरला तिथेच मापांची वही घेऊन बसला होता. “आणि हॉटेलच्या बारा खुर्च्या? मशीनवर सहा महिने कोण बसणार? मी?”

“बसलात तरी चालेल, भाऊजी,” सुई म्हणाली. “टाका सरळ पडला नाही तर मी उसवून देईन.”

धाकटा रंधा मारता मारता हसला. थोरल्याला ते झोंबलं. तो वही मिटून वर निघून गेला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतं. ‘हे कापड’, ‘ते माप’, बस्स.

जाता जाता सुईने आणखी एक मागितलं. “अर्जासाठी माझा वेगळा ईमेल पत्ता काढू का? माझी पत्रं माझ्याजवळ येतील.”

“आज वेगळा पत्ता, उद्या वेगळी चूल,” मी म्हटलं. “घराचा पत्ता आहे तोच टाक. चांगला जुना पत्ता आहे, वजन पडतं.”

तिने ओठ मिटले आणि तोच टाकला. खुर्चीचे फोटो जोडून कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरून अर्ज पाठवला. तीन आठवड्यांत ईमेलने कळवतो, असं त्यांच्या कागदावर लिहिलं होतं.

पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. तिसरा निम्मा सरला. सुई दर तासाला मशीनवरून उठायची, रेक्झिनचा झगा वर करायची, बघायची आणि परत बसायची. तिसऱ्या आठवड्यात तर हॉटेलच्या खुर्चीचं कापड उलट्या बाजूने बेतलं. या बाईने माझ्या घरात आल्यापासून इंचभर कापड वाया घालवलं नव्हतं.

मी धाकट्याला कोपऱ्यात घेतलं. “काय म्हणते ती?”

“म्हणते, दादाने पत्र दाबलं.”

“तोंडाने म्हणाली?”

“तोंडाने नाही. पण मी नवरा आहे तिचा.”

हे मला आवडलं नाही. माझा मुलगा घुम्या आहे, हट्टी आहे, पण चोर? मी सरळ वर गेले. थोरला लॅपटॉपपुढे होता.

“काय रे, पेटीत काही पडून नाही ना?”

“काही नाही. पेटी रोज रिकामी असते.”

“नक्की?”

“दाखवू?” आणि त्याने ती लांबची मूळ पेटीच उघडून दाखवली. रिकामी, धुऊन पुसून ठेवल्यासारखी. मी खाली आले आणि सुईला म्हटलं, “काही आलेलं नाही. धीर धर.” तिने माझ्याकडे पाहिलं, पण म्हणाली काही नाही. सुनेचं बोलणं मी कितीही ऐकून घेईन, पण तिचं न बोलणं मला दिवसभर टोचत राहतं.

आता माझी एक सवय. मला पडद्यावरचं वाचवत नाही, म्हणून कारखान्यात येणारं प्रत्येक पत्र छापून माझ्यासमोर भिंतीवरच्या लांब खिळ्याला टोचून ठेवायचं. वर्ष संपलं की सगळे काढायचे. त्या गुरुवारी दुपारी जेवून खाली बसले होते. समोर खिळा. उगाच कागद उलगडत बसले. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर तारीख आणि वार छापलेला असतो. मंगळवार. शुक्रवार. शुक्रवार. मंगळवार. मी सगळे काढले, मांडीवर घेतले. गेल्या सात आठवड्यांत कारखान्यात छापलेली एकोणीस पत्रं. सगळी मंगळवारची नाहीतर शुक्रवारची.

त्याच्या आधीचे कागद पाहिले. सोमवार, बुधवार, गुरुवार, अगदी रविवारसुद्धा.

मला सांगा, जगातल्या लोकांनी ठरवून दोनच वारी पत्रं लिहायला सुरुवात केली का?

“सुई, आपल्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी काय असतं?”

“काय असणार? भाऊजी मापं घ्यायला जातात.”

“लॅपटॉप?”

“बंद करून कपाटात ठेवून जातात.” तिचा हात मशीनच्या चाकावर थांबला. ती मूर्ख नाही, मी आधीच सांगितलं. “आई, म्हणजे तो लॅपटॉप चालू असला की...”

“गप्प. अजून कोणावर आळ घ्यायचा नाही. आधी बघू.”

मी धाकट्याला हाक मारली, थोरल्याला हाक मारली. थोरला जिन्यात येऊन म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “लॅपटॉप बंद कर, आणि जिन्यात उभा राहा.” एवढं विचारलं असतं तर ‘का’ म्हणाला असता. हुकूम दिला की ऐकतो.

मग थोरलीला दवाखान्यात फोन लावला. तिच्या खिडकीवर ईमेल आहे.

“थोरले, आपल्या घरच्या पत्त्यावर एक पत्र पाठव. आत्ता.”

“काय लिहू, आई? इथे रांग लागलीय.”

“काहीही लिही. सासू बरी आहे असं लिही.”

“खोटं लिहू का?” ती म्हणाली, आणि तिच्या मागे कोणीतरी हसलं. ही माझी थोरली. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, आणि संध्याकाळी घरी येऊन सगळा हिशेब माझ्याशी चुकता करते.

पत्र आलं. कारखान्यात दिसलं. धाकटा वर धावला. बैठकीतल्या जुन्याने डोळे उघडायला वेळ घेतला, पण त्याच्यावरही दिसलं. “आहे!” तो वरून ओरडला. दोन्हीकडे एकच ओळ. सासू बरी आहे.

“आता लॅपटॉप चालू कर,” मी थोरल्याला म्हटलं. “आणि पाच मिनिटं थांब.” थांबलो. मग पुन्हा थोरलीला फोन. “अजून एक पाठव.”

“आता काय, सासू जास्त बरी आहे?”

“पाठव म्हटलं ना!”

या वेळी वर थोरल्याच्या खोलीत ‘टिंग’ वाजलं. कारखान्यात काही नाही. सुईने पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं. काही नाही. धाकटा बैठकीतून ओरडला, “इथे पण नाही!” मी गुडघ्यांना शिव्या देत जिना चढले. लॅपटॉपवर थोरलीचं पत्र पहिल्या नंबरावर बसलेलं. सासू जास्त बरी आहे.

“हे काय आहे?” मी विचारलं.

थोरला पडद्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की त्याला खरंच माहीत नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं बघतेय तो चेहरा. खोटं बोलताना त्याचा डावा कान लाल होतो. दोन्ही कान पांढरे होते.

“लॅपटॉपमध्ये एक चौकट असते, ‘उतरवून घेतल्यावर पेटीतून काढून टाका’,” तो हळू म्हणाला. “मी तिथे खूण केली होती.”

“कधी?”

“सात आठवडे झाले. लोक कोचांचे फोटो पाठवतात, पेटी भरली होती. पत्रं परत जायला लागली. तूच म्हणालीस, पेटी रिकामी कर आणि रोज रिकामी ठेव. मी ठेवली.”

म्हणजे त्याचा लॅपटॉप पेटीतून पत्राची नक्कल घेऊन थांबत नव्हता. नक्कल घेऊन मूळ पत्र फेकून देत होता. बाकीचे दोघे पेटीत डोकावेपर्यंत पेटी रिकामी. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, लॅपटॉप कपाटात झोपलेला असला, की त्या बिचाऱ्यांच्या वाट्याला काही येई. आणि गिऱ्हाइकांची पत्रं थोरलाच बघत असल्याने धंद्याचं काही अडलं नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. अडलं ते एकाच माणसाचं.

ते माणूस माझ्या मागे दारात उभं होतं. सुई या खोलीत कधी पाय टाकत नव्हती. आज टाकला.

“भाऊजी, माझं पत्र आहे का त्यात?”

थोरल्याने पत्रांची यादी खाली सरकवली. न उघडलेली पत्रं जाड अक्षरात असतात, एवढं मलाही कळतं. एक जाड ओळ. मग खूप खाली दुसरी. आणखी खाली तिसरी. तिन्ही संग्रहालयाच्या कार्यशाळेची, तिन्हींवर सुईचं नाव.

“तीन?” मी म्हटलं. “तीन, आणि तू गप्प?”

“आई, नाव तिचं होतं. मी उघडली नाहीत.” आता त्याचा आवाज चढला. “माझ्याकडे येतं ते सगळीकडे जातं, हे त्या कॉम्प्युटरवाल्याने तुझ्यासमोर सांगितलंय. मला वाटलं, तिने खाली वाचली असणार. वाचून काही बोलली नाही म्हणजे नकार आला असेल. मग मी कोणत्या तोंडाने विचारू? ती माझ्याशी बोलत कुठे होती?”

“तुम्ही बोलत होता?” सुई म्हणाली.

“आणि मी विचारायला आले तेव्हा?” मी म्हटलं.

“तू विचारलंस पेटीत काही पडून आहे का. नव्हतं.”

सांगितलं ना खोडीबद्दल? हीच ती. पण खरं सांगायचं तर चूक त्याच्या एकट्याची नव्हती. पेटी रिकामी ठेव, हे माझं. दुसऱ्याचं पत्र उघडू नको, हे माझं. वेगळा पत्ता नको, हेही माझंच. या पोराने माझे नियम एवढ्या काटेकोर पाळले होते की त्यात सुनेचं नशीब चेंगरायची वेळ आली. दुसऱ्या कोणाच्या घरात हे झालं नसतं. तिथे कोणीतरी पहिल्याच दिवशी पत्र फोडलं असतं आणि जिन्यातून बोंब मारली असती.

“उघड ना आता,” धाकटा म्हणाला. तो मधे बोलला म्हणजे कमालच.

थोरला खुर्चीवरून उठला. “तिने उघडावीत.” आणि लॅपटॉप, ज्याला कोणी बोट लावलेलं चालत नव्हतं, तो सुईपुढे सरकवला.

सुई बसली. पहिलं पत्र, अर्ज मिळाला. दुसरं तिने मोठ्याने वाचलं. चौसष्ट अर्जांतून बारा जणांना हाताच्या परीक्षेला बोलावलं होतं, त्यात ती होती. परीक्षा शनिवारी सकाळी. बारा जणांतून आठ घेणार. येणार की नाही ते कळवा. तिसरं पत्र कालचं. आपलं उत्तर आलेलं नाही. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत न आल्यास आपल्या जागी पुढच्या व्यक्तीला बोलावू.

“आज काय वार?” धाकटा.

“गुरुवार,” आम्ही तिघं एकदम.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सुईची बोटं कळांवर गेली. शब्द चुकायला लागले. थोरला तिच्या मागे वाकला. “‘येणार आहे’ एवढंच लिही. बाकीचं माफीबिफी नंतर. हे लिही, पाठव.” तिने लिहिलं. पाठवलं. लॅपटॉपने ‘गेलं’ असं सांगितलं.

“माझा त्याच्यावर विश्वास नाही,” मी म्हटलं. “पत्राच्या खाली फोन नंबर असेल, तो वाच.”

“आई, ईमेल गेलंय,” थोरला म्हणाला.

“गेलं कुठे, पोचलं कुठे, हे या घरात आता मी विचारून घेणार. नंबर!”

फोन मी केला. कार्यशाळेत एक बाई बोलल्या, गोड आवाजाच्या आणि घाईत. मी सांगितलं, माझी सून शनिवारी येते आहे, तुमच्या यादीत नाव आहे का बघा. त्या म्हणाल्या, उत्तर आलेलं नाही. मी म्हटलं, “परत बघा. मी फोन ठेवत नाही.” त्यांनी बघितलं. पाच मिनिटांपूर्वी आलं होतं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “मी पुढच्या व्यक्तीला कळवायलाच बसले होते.” मी विचारलं, परीक्षेत काय करायचं असतं? खुर्चीची एक बैठक घोड्याच्या केसांनी भरायची आणि काठाची शिलाई घालायची, चार तासांत. “बाकीच्यांना सरावाला आठवडाभर मिळाला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सूनबाईंची तयारी झाली असेल ना?”

“झाली आहे,” मी म्हटलं. “अकरा दिवसांत केलेली खुर्ची तुम्ही फोटोत पाहिलीत. आता चार तासांत केलेली समोर बघा.”

फोन ठेवला तेव्हा सुई माझ्याकडे बघत होती. “आई, चार तासांत मी कधीच केलेली नाही.”

“मग कर. केस वरच्या फळीवर आहेत. खालच्या मोडक्या स्टुलाची बैठक काढ आणि घड्याळ लावून बस. पहिल्यांदा सात तास लागतील, दुसऱ्यांदा पाच. शनिवारी चार.”

“आणि हॉटेलच्या खुर्च्या?”

“त्या तुझ्या डोक्यातून काढ.”

ती जिना उतरून गेली. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरण्याचा आवाज आला, आणि मग खाली फळीवरून पोतं ओढल्याचा. धाकटा तिच्या मागे गेला. खोलीत मी आणि थोरला उरलो. तो लॅपटॉपवर काहीतरी करत होता. मी विचारलं नाही, तरी त्याने आपणहून सांगितलं, “खूण काढली, आई. आता पेटीतून काही जाणार नाही.” चाळीस-पंचेचाळीस वर्षांत न विचारता सांगितलेली ही पहिली गोष्ट असेल. मी मनात नोंद घेतली, पण तोंडावर काही दाखवलं नाही.

“मला बोल लावणार आहेस का?” त्याने विचारलं. “नियम तुझेच होते.”

दाराची कडी धरून मी उभी राहिले. खाली ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले, कारण जिच्यावर अन्याय झाला तिला निकाल ऐकू आला पाहिजे.

“नियम माझेच होते, आणि ते मी पेटीसाठी केले, तुझ्या डोक्यासाठी नाही. तिला वेगळा पत्ता दिला नाही, ती चूक माझी. उद्या सकाळी तिचा पत्ता तूच काढून द्यायचास. दुसऱ्याचं पत्र उघडलं नाहीस, चांगलं केलंस, माझ्या सासऱ्यांपेक्षा तू मोठा माणूस आहेस. पण घरातल्या माणसाच्या नावाचं पत्र तीनदा डोळ्यांपुढे आलं आणि तुला चार पायऱ्या उतरून ‘अगं, तुझं काही आलंय का’ एवढं विचारवलं नाही, हा नियम नाही रे, हा रुसवा आहे. आणि रुसव्यासाठी माझ्या नियमांचा आडोसा घ्यायचा नाही. त्या बारा खुर्च्यांपैकी सहा झाल्यात. उरलेल्या सहा शनिवारपर्यंत तू शिवायच्यास. टाका वाकडा पडला तर तिच्याकडे जायचं आणि तोंड उघडून विचारायचं. चल, खाली हो.”